शेफलिनच्या खेळाने शिकवलेली पारख : अ‍ॅशच्या लाकडाच्या हातघडणीच्या हर्लीचे परीक्षण

मागच्या वर्षी मार्च महिन्यात मी आयर्लंडच्या किल्केनी काउंटीतल्या एका लहान कार्यशाळेतून अ‍ॅशच्या लाकडाची, हाताने घडवलेली ३५ इंची हर्ली ४५ युरोंना विकत घेतली आणि त्यानंतरचा संपूर्ण हंगाम तीच वापरली. हर्लिंग या आयरिश मैदानी खेळात जिने चेंडू उचलतात, तोलून धरत पळतात आणि फटकावतात, ती काठी म्हणजे हर्ली. दुरून पाहणाऱ्याला ती हॉकीच्या काठीची जवळची नातेवाईक वाटेल. पण हॉकीत चेंडू बहुतांशी जमिनीवर राहतो आणि हर्लिंगमध्ये तो बहुतेक वेळ हवेत असतो, त्यामुळे काठीकडून अपेक्षित असलेले कामच निराळे आहे. मी प्रौढांच्या एका हौशी गटात आठवड्यातून दोनदा खेळतो आणि माझा बारा वर्षांचा मुलगा गावच्या क्लबमध्ये खेळतो. मात्र या वस्तूचे मोल ठरवताना मी आमच्या खेळाला प्रमाण मानलेले नाही. अ‍ॅशच्या काठीकडून काय काय करून घेता येते याचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्या मते किल्केनीच्या हर्लिंग संघाचा माजी खेळाडू हेन्री शेफलिन याच्या कारकिर्दीत आहे. त्याचे सामने पुन्हा पुन्हा पाहताना हर्लीत काय पाहायचे हे मला उमगत गेले, म्हणून या परीक्षणात तो वारंवार येईल.

माझी पहिली हर्ली मी एका खेळसाहित्याच्या दुकानातून घेतली होती. दिसायला ती देखणी होती, गुळगुळीत होती आणि हातात हलकी वाटत होती. तिसऱ्याच आठवड्यात जमिनीवरचा एक साधा फटका मारताना तिच्या पात्याचा पुढचा तुकडा निखळला आणि चार हात पुढे गवतात जाऊन पडला. ज्यांचे सारे आयुष्य या खेळात गेले आहे अशा शेजारच्या वयोवृद्ध गृहस्थांनी तो तुकडा उचलून माझ्यासमोर उजेडात धरला. लाकडाच्या रेषा मुठीपासून सरळ खाली आल्या होत्या आणि पाते जिथे वळते तिथे त्याच्याबरोबर न वळता तशाच सरळ जाऊन कडेला संपल्या होत्या. फाटायला लाकडाला आयती वाट मिळाली होती. "रेघ वळली नसेल तर ती हर्ली नव्हे, नुसती फळी आहे," असे त्यांनी सांगितले आणि पुढच्या शनिवारी ते स्वतः मला त्या कार्यशाळेत घेऊन गेले.

हर्लीसाठी झाडाचा कोणताही भाग चालत नाही, हे मला तिथे कळले. साधारण २५ ते ३० वर्षांच्या अ‍ॅश वृक्षाचा जमिनीलगतचा, खोड फुगीर होऊन मुळांत शिरते तो बुंधाच यासाठी घेतात, कारण खोडातून मुळाकडे वळताना लाकडाच्या रेषाही नैसर्गिकपणे वळतात आणि तेच वळण हर्लीच्या पात्याला हवे असते. म्हणजे काठीचा आकार कारागीर देत असला तरी त्या आकाराचे बळ झाडानेच आधी तयार करून ठेवलेले असते. एका झाडाचा एवढाच भाग उपयोगी पडतो, त्यामुळे मागणी भागवण्याइतके लाकूड आयर्लंडमध्ये मिळत नाही आणि मोठा हिस्सा बाहेरच्या देशांतून आणावा लागतो. त्यातच बुरशीमुळे होणारा अ‍ॅश डायबॅक हा रोग २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये पहिल्यांदा आढळला आणि तेव्हापासून त्याने देशभरातली अ‍ॅशची झाडे पोखरली आहेत. पूर्वीच्या मानाने हर्ली महाग का झाली, असे विचारणाऱ्या ग्राहकाने हे ध्यानात घ्यायला हवे. मला ४५ युरो जास्त वाटले नाहीत.

कार्यशाळेत कारागिराने माझ्यासमोर तीन हर्ली ठेवल्या. तिन्हींची लांबी सारखीच होती आणि वजनात जेमतेम फरक होता. त्याने प्रत्येक काठी मुठीच्या टोकाला धरून पाते हळूच जमिनीवर टेकवले, वरून किंचित दाब दिला आणि ती किती लवते व किती चटकन पूर्ववत होते ते मला पाहायला लावले. पहिली ताठ होती. दुसरी लवत होती, पण पाते आणि दांडा जिथे जुळतात त्या मानेपाशीच तिचा सगळा वाक गोळा होत होता. तिसरी मात्र मुठीपासून मानेपर्यंत सारखी लवत गेली. मग त्याने तीच काठी एका बोटावर आडवी तोलली; तोल पात्याच्या थोडा वरच्या बाजूला येऊन स्थिरावला. पात्याच्या टोकाला त्या वेळी पत्र्याची पट्टी बसवलेली नव्हती. ती ठोकल्यावर तोल कितपत खाली सरकेल हे त्याने बोटानेच दाखवले, आणि पट्टी ठोकून झाल्यावर तोल खरोखर तिथेच आला. मी तिसरी हर्ली घेतली.

ही लवचीकता आणि हा तोल यांचा उपयोग प्रत्यक्षात कुठे होतो, हे समजून घ्यायचे तर शेफलिनच्या फ्री हिटकडे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगानंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्याकडे, पाहावे. जमिनीवर स्थिर असलेला चेंडू पात्याने उचलून छातीच्या खाली हवेत झेपावतो, तो खाली यायच्या आत काठी मागे जाते आणि त्याच ओघात त्याला गाठते. ही सारी हालचाल एका सेकंदाच्या आत होते. चेंडूचे वजन ११० ते १२० ग्रॅम असते, त्याच्या चामड्यावर उठावदार शिवण असते आणि पाते रुंदीला फार तर १३ सेंटिमीटर असू शकते. उचलण्यात बोटभर चूक झाली तर फटका फसलाच. शेफलिनने हे काम किल्केनीच्या वरिष्ठ संघासाठी १९९९ ते २०१४ असे सतत केले आणि चॅम्पियनशिपच्या सामन्यांत २७ गोल आणि ४८४ पॉइंट मिळवले. हर्लिंगमध्ये चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट, आणि दांड्यावरून दोन खांबांमधून गेला तर एक पॉइंट धरतात. या हिशेबाने ती बेरीज ५६५ होते. पुढे गॉलवेच्या जो कॅनिंगने २०२१ मध्ये हा आकडा ओलांडला, परंतु तोवर कित्येक वर्षे हाच विक्रम होता. हा आकडा सांगताना लोक गोलांचा उल्लेख अधिक उत्साहाने करतात. मला मात्र त्या ४८४ चे मोल अधिक वाटते, कारण त्यातले कितीतरी पॉइंट स्थिर चेंडूवरचे आहेत, आणि स्थिर चेंडूवर खेळाडूला दोष द्यायला वारा आणि स्वतःची काठी याखेरीज काही उरत नाही.

माझ्या हर्लीची सर्वांत मोठी जमेची बाजू इथेच दिसली. दुकानातल्या काठीने चेंडू उचलताना पाते त्याच्याखाली अडखळत असे. या हर्लीच्या पात्याचे टोक पातळ घासलेले आहे, मात्र कडेला धार नाही, त्यामुळे ते ओल्या गवतातूनही चेंडूखाली सरकते. पहिल्या महिन्यात माझे दहापैकी चार फटके साधत होते, सप्टेंबरपर्यंत सात साधू लागले. सगळे श्रेय काठीला देणे चुकीचे ठरेल, कारण सराव मीच केला होता. पण चेंडू पात्याच्या मध्यावर बसला की मुठीपर्यंत जो भरीव, कोरडा ठोका पोहोचतो तो पहिल्या काठीत कधीच जाणवला नव्हता, आणि त्या ठोक्यावरूनच फटका बरोबर बसला की नाही हे हाताला कळू लागते.

शेफलिनच्या दोन पेनल्टींचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. त्या काळी पेनल्टी घेणाऱ्यासमोर गोलरेषेवर तीन खेळाडू उभे राहात. एकास एक अशी पद्धत २०१५ मध्ये आली. २००९ मध्ये ऑल-आयर्लंड या काउंटी संघांच्या वार्षिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टिपररी आघाडीवर असताना आणि सामना शेवटच्या दहा मिनिटांत आलेला असताना किल्केनीला पेनल्टी मिळाली, आणि शेफलिनने चेंडू थेट जाळ्यात मारला. किल्केनीने २-२२ विरुद्ध ०-२३ (आधी गोल, मग पॉइंट) असा सामना जिंकून सलग चौथे विजेतेपद मिळवले. तीन वर्षांनी, २०१२ च्या अंतिम सामन्यात गॉलवेशी बरोबरी असताना, शेवटच्या काही मिनिटांत पुन्हा तशीच संधी आली. या वेळी त्याने गोलचा मोह न धरता चेंडू दांड्यावरून पाठवून एक पॉइंट घेतला. त्यानंतर कॅनिंगने फ्री हिटवर बरोबरी साधली आणि सामना २-१३ विरुद्ध ०-१९ असा अनिर्णित राहिला. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर इथल्या पबमध्ये आजही वाद ऐकायला मिळतात. माझ्या मते तो बरोबर होता. तीन माणसांनी अडवलेल्या जाळ्यात जोरकस फटका मारणे आणि आघाडी देणारा एक पॉइंट खात्रीने घेणे यांतला फरक त्याने त्या क्षणी तोलला, आणि काठीने त्या दोन्ही गोष्टी त्याच्या हातात सारख्याच विश्वासाने ठेवल्या होत्या. पुन्हा झालेल्या सामन्यात किल्केनीने ३-२२ विरुद्ध ३-११ असा विजय मिळवला आणि प्रत्यक्ष मैदानावर खेळून नऊ ऑल-आयर्लंड पदके जिंकणारा शेफलिन पहिला खेळाडू ठरला. किल्केनीच्याच नोएल स्केहनकडे नऊ पदके होती, पण त्यातली तीन राखीव गोलरक्षक म्हणून मिळालेली होती. कॉर्कचा क्रिस्टी रिंग आणि टिपररीचा जॉन डॉयल आठांवर थांबले होते.

शेफलिनला केवळ फ्री हिट घेणारा खेळाडू समजणे मात्र अन्यायाचे आहे, आणि हर्लीची पारखही केवळ फ्री हिटवर करू नये. तो सर्वांत वेगवान खेळाडू नव्हता. हवेतून खाली येणाऱ्या चेंडूखाली चार-पाच काठ्या एकदम उठतात तेव्हा एका हाताने काठी आडवी धरून स्वतःच्या झेलणाऱ्या हाताचे रक्षण करणे, चेंडू मिळाला नाही तर लगेच प्रतिस्पर्ध्याच्या मागून काठी घालून त्याचा फटका अडकवणे, आणि समोरून येणाऱ्या फटक्यावर स्वतःची काठी झोकून देणे, या कामांत तो सहकाऱ्यांहून उजवा होता, आणि किल्केनीचे तेव्हाचे प्रशिक्षक ब्रायन कोडी यांच्या संघात या कामांना गोलांइतकीच किंमत होती. या तिन्ही प्रसंगांत काठीवर आघात होतो तो मानेपाशी. माझ्या हर्लीची मान मला सुरुवातीला जाड वाटली होती आणि ती थोडी घासून घ्यावी असे मी कारागिराला सुचवलेही होते. त्याने नम्रपणे नकार दिला. जूनमधल्या एका सराव सामन्यात समोरच्या खेळाडूचा पूर्ण ताकदीचा फटका माझ्या काठीच्या मानेवर बसला, त्याची काठी चिरली आणि माझ्या काठीवर फक्त नखभर खाच पडली, तेव्हा त्या नकाराचा अर्थ कळला.

आता तक्रारी. मुठीवरची पट्टी सुमार आहे. दुसऱ्या महिन्यातच तिचे कोपरे उचलले गेले आणि पावसात ती घसरू लागली. मी ती काढून ५ युरोंची दुसरी बसवली. ज्या वस्तूवर एवढी मेहनत घेतली जाते तिच्या मुठीकडे असे दुर्लक्ष व्हावे, हे मला पटलेले नाही. पात्याच्या टोकावरची पत्र्याची पट्टी चौथ्या महिन्यात सैल झाली आणि तिचा एक खिळा वर आला. इतरांना इजा होण्याची शक्यता असल्याने ती ताबडतोब ठोकून घ्यावी लागली. ते काम कारागिराने विनामूल्य करून दिले. तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की लाकडाचा स्वभाव, हे वाचकाने ठरवावे. लागोपाठ दोन ओल्या सामन्यांनंतर काठी जड वाटू लागते आणि फटक्यातला कोरडेपणा जातो. त्यावर उपाय म्हणजे खेळून आल्यावर ती पुसून सावलीत उभी ठेवणे, हीटरजवळ कधीही न ठेवणे आणि महिन्यातून एकदा हलक्या हाताने जवसाचे तेल लावणे. ज्याला एवढी देखभाल नको असेल त्याच्यासाठी कृत्रिम पदार्थांच्या आणि बांबूच्या हर्ली बाजारात आहेत. मुलाच्या मित्राची कृत्रिम हर्ली मी दोन आठवडे वापरून पाहिली. ती पाण्याला दाद देत नाही, एकसारखी बनते आणि अ‍ॅशचे लाकूड दुर्मिळ होत चालले असताना तिची गरज वाढणार हे उघड आहे. पण चेंडू मधोमध बसला काय आणि कडेला बसला काय, हाताला जवळजवळ सारखेच लागते. शिकणाऱ्याच्या हाताला ते फार गैरसोयीचे आहे.

टिकाऊपणाबद्दल ग्राहकाची अपेक्षा आधीच स्पष्ट असावी. अ‍ॅशची हर्ली कायमची नसते. वरच्या दर्जाचे खेळाडू सामन्याला एकसारख्या घडवलेल्या अनेक हर्ली घेऊन येतात आणि एक तुटली की दुसरी तत्काळ मैदानात येते. तुटत राहते ती काठी, आणि पंधरा-सोळा वर्षे टिकून राहावे लागते ते खेळाडूला. या बाबतीत शेफलिनच्या कारकिर्दीतली चार वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. २००७ मध्ये तो कर्णधार असताना लिमरिकविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याच्या गुडघ्याचा क्रूशिएट अस्थिबंध फाटला आणि मध्यंतरानंतर तो मैदानात उतरू शकला नाही. सामना किल्केनीने जिंकला. २०१० मध्ये कॉर्कविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या गुडघ्याला तशीच इजा झाली, तरी काही आठवड्यांत तो अंतिम सामन्यात उभा राहिला आणि जेमतेम पंधरा मिनिटांच्या आत त्याला बाहेर यावे लागले. त्या दिवशी टिपररीच्या लार कॉर्बेटने तीन गोल केले आणि सलग पाचव्या विजेतेपदाचे स्वप्न संपले. २०१३ मध्ये कॉर्कविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात दोन पिवळी कार्डे मिळून त्याला मैदान सोडावे लागले. आणि २०१४ मध्ये, ३५ वर्षांचा असताना, तो मुख्यतः बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरत होता. दहावे पदक त्याला त्या वर्षी मिळाले. यांपैकी कोणत्याही वर्षी त्याने थांबायचे ठरवले असते तर कोणी दोष दिला नसता, कारण या खेळात कोणालाही वेतन मिळत नाही. सोमवारी सकाळी प्रत्येक जण आपापल्या नोकरीवर किंवा शेतावर जातो. २०१५ च्या सेंट पॅट्रिक दिनी आपल्या बॅलीहेल शॅमरॉक्स क्लबबरोबर ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवून तो साधारण आठवडाभराने काउंटीच्या संघातून निवृत्त झाला. अकरा वेळा ऑल स्टार, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड, आणि तीनदा वर्षातील सर्वोत्तम हर्लर, अशी त्याची नोंद आहे. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने त्याच क्लबला आणखी दोन ऑल-आयर्लंड विजेतेपदे मिळवून दिली.

हर्ली घेऊ पाहणाऱ्यांनी लांबीबाबतही सावध राहावे. उंच माणसाला लांब काठी, हा समज सर्वत्र आहे आणि दुकानदारही तो मोडत नाहीत. मला आधी ३६ इंची काठी देण्यात आली होती. कारागिराने मला हात सैल सोडून उभे राहायला सांगितले, काठी शेजारी उभी केली आणि तिचे टोक मनगटाच्या किती वर येते ते पाहून एक इंच कमी केले. त्या एका इंचाने काठी गर्दीतून चटकन बाहेर येते. लांब फटका मारताना पाच-सात मीटर कमी पडतात, हे मान्य आहे. पण ज्याला वर्षानुवर्षे साठ-सत्तर मीटरवरून पॉइंट मारायचे आहेत त्याने लांबी वाढवावी, आमच्यासारख्यांनी नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात या हर्लीच्या पात्याला टाचेकडून मध्याच्या दिशेने बोटभर चीर गेली. मी ती कार्यशाळेत नेली तेव्हा कारागिराने चिरेत पातळ पाते घालून ती किंचित उघडली, आत डिंक भरला, शिकंजात आवळून दोन दिवस ठेवली आणि नंतर पत्र्याची नवी पट्टी ठोकून दिली. त्याचे ८ युरो घेतले. चिरेची जागा त्याने मला पुन्हा उजेडात धरून दाखवली. या वेळीही लाकूड रेघेच्या बाजूनेच फाटले होते, पण रेघ पात्याबरोबर वळत असल्याने चीर कडेपर्यंत न जाता आतच थांबली होती. सामन्यात ही काठी वापरू नका, भिंतीवर सरावाला हरकत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याच लाकडातली, त्याच मापाची दुसरी हर्ली मी तिथेच मागवून आलो. जुनी आता मुलाकडे आहे. बॅलीहेलमध्ये शेफलिनच्या घरच्या पबमागे एक स्क्वॉश कोर्ट होते आणि लहानपणी तो तिथल्या भिंतींवर तासन्‌तास चेंडू मारत असे, हे ऐकल्यापासून मुलगा रोज संध्याकाळी शाळेमागच्या भिंतीसमोर उभा राहतो. काठी त्याच्या उंचीला दोन-तीन इंच मोठी आहे, म्हणून तो ती मुठीच्या खाली धरतो, आणि चेंडू मधोमध बसला की तो कोरडा ठोका मला रस्त्यावरूनही ओळखू येतो.